‘दिन’ मोजले, ‘दिवस’ राहिले : एका विद्यापीठाच्या वार्षिक अहवालाचे आणि सेवेचे परीक्षण

पुतणीच्या दीक्षान्त समारंभाला गेलो असता प्रवेशद्वारापाशीच पालकांच्या हाती एकेक कापडी पिशवी देण्यात आली. तिच्यात पाण्याची बाटली, कार्यक्रमपत्रिका आणि कुलगुरूंचा वार्षिक अहवाल होता. हा अहवाल सहसा कोणी वाचत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांनी तो वारा घेण्यासाठी वापरला आणि मांडवातील उकाडा पाहता तो उपयोग गैर म्हणता येणार नाही. माझा स्वतःचा व्यवसाय छपाईचा असल्यामुळे छापील कागद हाती आला की तो उलटसुलट करून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही, आणि समारंभ दीड तास उशिरा सुरू झाल्यामुळे वाचायला सवडही भरपूर मिळाली. घरी आणून मी तो पेन्सिल हातात घेऊन पुन्हा एकदा वाचला. ज्या विद्यापीठाची सेवा आमच्या घराने चार वर्षे घेतली, त्याने स्वतःविषयी काय लिहिले आहे आणि आम्हाला प्रत्यक्षात काय मिळाले, हे शेजारी ठेवून पाहावे, एवढाच या परीक्षणाचा हेतू आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही.

वस्तू म्हणून अहवाल देखणा आहे. ९६ पृष्ठे, आत १३० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर, मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन आणि बोधचिन्हापुरता चकाकणारा स्पॉट यूव्ही. चारही रंग एकमेकांवर इतके नेमके बसले आहेत की कोठेही अक्षराला लाल-निळी कड दिसत नाही. हे काम ज्याने केले त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. बाइंडिंगमध्ये मात्र गम कमी पडला असावा, कारण दुसऱ्या वाचनात मधली आठ पाने सुटून हाती आली. मुद्रितशोधन तर झालेच नसावे. एकाच पानावर ‘कुलगुरूंचे’ आणि ‘कुलगुरुंचे’ अशी दोन्ही रूपे सुखाने नांदतात, आणि वृक्षारोपणाचे एकच छायाचित्र एकदा ‘जागतिक पर्यावरण दिन’ म्हणून व पुढे तीस पानांनी ‘हरित परिसर अभियान’ म्हणून छापलेले आहे. रोपट्यावर कललेली झारी दोन्हीकडे तीच आहे आणि मागच्या रांगेत जांभई देणारे गृहस्थही तेच आहेत.

मी या अहवालात एक शब्द शोधत होतो, तो म्हणजे ‘दिवस’. परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंत किती दिवस लागले, पुनर्मूल्यांकनाला किती, स्थलांतर प्रमाणपत्राला किती, पदवी प्रमाणपत्राला किती, हे कोठेतरी एका ओळीत तरी असेल असे वाटले होते. तो शब्द सापडला नाही. त्याचा भाऊ ‘दिन’ मात्र पानोपानी भेटला. १२ जानेवारीचा युवा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, लगेच दुसऱ्या दिवशीचा विज्ञान दिन, २१ जूनचा योग दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, आणि प्रत्येकासोबत दीपप्रज्वलनाचे छायाचित्र. विद्यापीठाने कोणते ‘दिन’ साजरे केले याचा चोख हिशेब आहे, विद्यार्थ्याचे ‘दिवस’ किती गेले याचा नाही.

अर्थात यात केवळ कुलगुरूंना दोष देणे योग्य ठरणार नाही, कारण ज्या गोष्टीला गुण मिळतात ती गोष्ट अहवालात येते. अहवाल सुरू होतो तो ‘नॅक’च्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, श्रेणीने, आणि पहिल्या सात पृष्ठांत तिचा उल्लेख अकरा वेळा आहे. १९९४ साली स्थापन झालेली आणि बंगळूरहून चालणारी ही परिषद ज्या पद्धतीने विद्यापीठांना श्रेणी देत आली, तिच्यात एकूण १,००० गुण सात निकषांत वाटलेले असत. त्यांतले २५० संशोधन व विस्तारकार्याला, २०० अध्यापन व मूल्यमापनाला, १५० अभ्यासक्रमाला, आणि ‘विद्यार्थी साहाय्य व प्रगती’ या निकषाला १००. ज्याच्या नावाने हा सारा संसार चालतो त्याच्या थेट वाट्याला हजारातले शंभर येत. केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीची पहिली यादी २०१६ साली लागली. सध्या या क्रमवारीत विद्यापीठांसाठी अध्यापन-साधने आणि संशोधन यांना प्रत्येकी ३० टक्के, पदवी-फलिताला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि ‘प्रतिमे’ला १० टक्के भार आहे. विद्यार्थी ठरलेल्या वर्षांत उत्तीर्ण झाला की नाही, हे पदवी-फलितात मोजले जाते; उत्तीर्ण झाल्यानंतर गुणपत्रक हाती पडायला त्याला किती खेटे घालावे लागले, याला रकाना नाही. रकाना नसलेली गोष्ट कोण कशाला लिहील?

संशोधनाच्या प्रकरणात ‘पेटंट’ हा शब्द ठळक टाइपात आहे आणि त्याखाली एक घसघशीत आकडा आहे. त्याविषयी वाचकाने थोडे सावध असावे, असे मला सुचवावेसे वाटते. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार अर्ज दाखल होणे, साधारणपणे अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होणे आणि तपासणीअंती पेटंट प्रदान होणे या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. दाखल तारखेपासून वीस वर्षांचा हक्क मिळतो तो शेवटची पायरी गाठणाऱ्याला. वस्तूच्या केवळ आकाराची किंवा रूपाची नोंदणी तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली, वेगळ्याच वहीत होते. अहवालाने हे सगळे एकाच बेरजेत घेतले आहे. परिशिष्टातील यादी बारीक अक्षरात असली तरी प्रामाणिक आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. तेथे प्रत्येक नावापुढे ‘दाखल’, ‘प्रसिद्ध’, ‘प्रदान’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि ती यादी वाचून झाल्यावर पुढचा ठळक आकडा आपोआप अंग चोरून बसतो.

‘विद्यार्थी यश’ या प्रकरणाची अडचण याहून साधी आहे. तेथे अंश आहे, छेद नाही. परिसर मुलाखतींतून इतक्या मुलांना नोकऱ्या लागल्या. किती मुलांपैकी, ते नाही. इतके विद्यार्थी नेट-सेट उत्तीर्ण झाले; किती जण बसले होते, ते नाही. शिवाय ही आकडेवारी विद्यापीठाच्या आवारातील विभागांची आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे बहुसंख्य विद्यार्थी आवारात नसतातच. ते तालुक्याच्या गावी, संलग्न महाविद्यालयांत शिकतात, आणि विद्यापीठाशी त्यांचा संबंध येतो तो हॉल तिकीट, पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, गुणपत्रक आणि अखेरची पदवी एवढ्यापुरता. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे परीक्षा विभागाची खिडकी. अशा मुलांविषयी ९६ पृष्ठांत दीड पृष्ठ आहे आणि त्यातले अर्धे युवक महोत्सवाच्या छायाचित्राने व्यापले आहे.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठातून १९२१ साली पहिल्या पाच पदवीधर बाहेर पडल्या. पाच असताना प्रत्येकीचे नाव घेऊन अहवाल सांगता येतो. आज तसा सांगा असे कोणी म्हणणार नाही, पण नाव सुटले तर निदान मोजमाप तरी नेमके हवे.

आता खिडकीविषयी, कारण सेवेची खरी परीक्षा आमच्या बाबतीत तेथेच झाली. पुतणी तालुक्याच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेला होती. अंतिम वर्षाचा निकाल परीक्षा संपल्यापासून चव्वेचाळिसाव्या दिवशी लागला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठाने निकाल तीस दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत लावावा असे बंधन आहे. म्हणजे कायदा एका दिवसाने वाचला. ही साधी गोष्ट नव्हे. २०१७ साली मुंबई विद्यापीठात संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याच्या घाईत निकाल रखडले, तेव्हा प्रकरण राज्यपालांपर्यंत गेले आणि कुलगुरूंना पद गमवावे लागले. त्या पार्श्वभूमीवर ‘आम्ही वाणिज्य शाखेचा निकाल चव्वेचाळीस दिवसांत लावला’ हे वाक्य अहवालात अभिमानाने लिहिता आले असते. ते का लिहिले नाही याचे मला नवल वाटत होते. नंतर उलगडा झाला, निदान मला तसे वाटते. निकाल लागला खरा, पण आमच्या मुलीच्या नावापुढे ‘राखीव’ असा शेरा होता. एका विषयाचे अंतर्गत गुण आलेले नव्हते. असे किती ‘राखीव’ होते ते सांगितल्याशिवाय चव्वेचाळीस दिवसांची बढाई पुरी होत नाही.

महाविद्यालयात विचारले तर गुण केव्हाच भरले आहेत, असे उत्तर मिळाले. विद्यापीठात विचारले तर, “काका, आमच्याकडे काही अडलेले नाही, कॉलेजकडून गुणच आलेले नाहीत.” दोन्ही उत्तरे खरी निघाली, हा या प्रकरणातला विनोद. विद्यापीठ आमच्या गावापासून ८४ किलोमीटर. एसटीने पहिल्या खेपेला गेलो तो जेवणाच्या सुट्टीत सापडलो, आणि सुट्टीनंतर कळले की आधी पात्रता विभागाकडून शिक्का आणायला हवा. दुसऱ्या खेपेला शिक्का होता, पण प्राचार्यांच्या पत्रावर जावक क्रमांक नव्हता. मधल्या काळात ईमेल पाठवली. तिला लगेच उत्तर आले, त्यात आमची तक्रार मिळाली असल्याबद्दल आनंद व्यक्त केला होता.

तिसऱ्या खेपेला खिडकीच्या आत एक बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, पुतणीचा बैठक क्रमांक विचारला आणि कपाटातून त्या महाविद्यालयाचे छापील लेजर काढून टेबलावर पसरले. मग हातातली प्लास्टिकची पट्टी ओळीखाली धरून त्या एकेक क्रमांक खाली सरकू लागल्या. पुतणीच्या क्रमांकापाशी गुणांचा रकाना रिकामा होता. तेथे न थांबता त्या तशाच शेवटापर्यंत गेल्या, आणि तळाशी बैठक क्रमांक नसलेल्या एका ओळीत नुसते गुण लिहिलेले दिसले. “ओळ घसरलीय,” एवढेच त्या म्हणाल्या. महाविद्यालयाने भरलेल्या एक्सेलच्या तक्त्यात पुतणीच्या जागी एक रिकामा चौकोन पडला होता आणि तेथपासून सगळ्यांचे गुण एकेक घर खाली उतरले होते. तिचे गुण तिच्या पुढच्या मुलाला, त्याचे त्याच्या पुढच्या मुलीला, असे. म्हणजे आणखी सहा मुलांच्या गुणपत्रकांवर दुसऱ्याचे गुण छापले गेले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. जुळारी, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारा, म्हणून मी उमेदवारी केली आहे. ओळ सुटली की पुढचा मजकूर कसा वाहत जातो हे मला ठाऊक आहे, तरीही माझ्या ते लक्षात आले नसते. बाईंनी सातही नोंदींचे टिपण तयार केले, कक्ष अधिकाऱ्यांची सही आणली आणि दुरुस्ती लावून दिली.

त्या कामाला दहा मिनिटे लागली. त्या दहा मिनिटांपर्यंत पोहोचायला एक्केचाळीस दिवस लागले. दरम्यान पुतणीची एका पतसंस्थेतील लिपिकाची जागा गेली. त्यांनी गुणपत्रकासाठी आठ दिवस वाट पाहिली आणि मग दुसरी मुलगी घेतली. त्यांचेही चुकले असे म्हणता येत नाही. विद्यापीठाच्या हिशेबात मात्र पुतणी ठरलेल्या वर्षांत उत्तीर्ण झालेली विद्यार्थिनी आहे, आणि तशी ती क्रमवारीच्या आकड्यांत चढलीही असेल.

माझी तक्रार त्या बाईंविषयी नाही, उलट एकूण सेवेतील सर्वांत उत्तम अनुभव तोच होता. तक्रार अशी की त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कोठेही लिहिलेला नाही. प्रशासकीय इमारतीच्या दाराशी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील सेवांचा मोठा फलक आहे. कोणते प्रमाणपत्र किती दिवसांत, जबाबदार अधिकारी कोण, पहिले अपील कोणाकडे, दुसरे कोणाकडे, हे त्यावर नीट रंगवलेले आहे. ‘राखीव निकाल’ ही सेवा त्यावर नाही. कदाचित ती सेवा समजली जात नसावी.

अहवालातले एक प्रकरण मात्र मी दोनदा वाचले आणि त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला तयार आहे. ते ‘कमवा आणि शिका’ योजनेचे. या कल्पनेचे मूळ आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांपाशी जाते. १९१९ साली कराड तालुक्यातील काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ असे म्हटले आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून श्रमाच्या मोबदल्यात उच्च शिक्षण ही गोष्ट प्रत्यक्षात आणून दाखवली. आज ही योजना अनेक विद्यापीठांत चालते. या प्रकरणात मुले काय काम करतात ते तपशिलाने दिले आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, वसतिगृहाच्या मेसमध्ये हिशेब ठेवणे, आणि चक्क परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावणे. तासाचा दर दिला आहे, तो केव्हा वाढवला ते दिले आहे, आणि मानधन दोन महिने थकले होते हेही दिले आहे. थकबाकीची कबुली छापणारा कोणी तरी या ९६ पृष्ठांच्या आत बसलेला आहे, हे पाहून बरे वाटले. ज्याने हे प्रकरण लिहिले त्याच्याकडेच पुढच्या वर्षी सगळा अहवाल सोपवावा.

समारंभाविषयी थोडक्यात. गाऊनऐवजी उपरणे होते, ते उकाड्यात सोयीचे झाले. त्यासाठी अनामत रक्कम घेतली गेली आणि परत करताना रांग पाऊण तासाची होती. पालकांची बसण्याची व्यवस्था बरी, ध्वनिक्षेपक मागच्या भागात फुटका. जेवणातली मटकीची उसळ चांगली होती, आणि बाराशे माणसांच्या स्वयंपाकात ती चांगली होणे सोपे नाही. कुलगुरूंचे भाषण अहवालापेक्षा सरस झाले. त्यांनी हातातला छापील कागद बाजूला ठेवला आणि रोपवाटिकेत काम करून पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या एका मुलीला उभे राहायला सांगितले. ती मागच्या रांगेत असल्यामुळे ती व्यासपीठापर्यंत येईपर्यंत ते थांबले, भाषण थांबवून थांबले, आणि टाळ्या कोणाला सांगाव्या लागल्या नाहीत. त्यानंतर पुन्हा कागद हाती घेऊन त्यांनी सामंजस्य करारांची यादी वाचली. तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी परत वारा घ्यायला सुरुवात केली.

ज्यांना या किंवा अशाच विद्यापीठाच्या खिडकीवर जायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या गोष्टी सांगतो. सोमवार टाळावा, कारण आठवड्याची टपाल त्या दिवशी फुटते. चलनाची महाविद्यालयाची प्रत आणि स्वतःची प्रत या दोन्हींच्या झेरॉक्स जवळ ठेवाव्यात. प्राचार्यांच्या पत्रावर जावक क्रमांक आहे की नाही हे गावातच पाहून घ्यावे. निकाल ‘राखीव’ असेल तर ‘गुण आले का’ असे न विचारता ‘लेजर पाहता येईल का’ असे विचारावे. प्रश्न बदलला की कपाट उघडते. आणि आपला निकाल बरोबर लागला असला तरी अंतर्गत गुण स्वतःचेच आहेत ना, हे एकदा महाविद्यालयाच्या यादीशी ताडून पाहावे.

डिजिलॉकरवर पदवी मिळण्याची सोय मात्र वाखाणण्याजोगी आहे. समारंभानंतर आठवड्याभरात पुतणीच्या मोबाइलवर प्रमाणपत्र दिसू लागले, तेही एकही खेप न घालता. मला गुण द्यायचे झाले तर पाचपैकी छपाईला चार, मुद्रितशोधनाला एक, डिजिलॉकरला पाच, खिडकीला दोन, आणि पट्टी धरणाऱ्या बाईंना जे काही उरेल ते सगळे.

मुद्रितशोधनाला एक गुण देण्याचे कारण अहवालापुरते राहिलेले नाही. समारंभात मिळालेले पदवी प्रमाणपत्र घरी उजेडात नीट पाहिले, तेव्हा आमच्या आडनावातल्या ‘ष’च्या जागी ‘श’ छापलेला निघाला. डिजिलॉकरवरही अर्थात तसाच आहे. मंगळवारी जाऊन दुरुस्तीचा अर्ज दिला. चलन भरले, दोन्ही प्रती जोडल्या, जावक क्रमांकही होता. खिडकीवर या वेळी दुसरेच कोणी होते. दाराशी असलेला फलक येताना पुन्हा वाचला, त्यावर ‘नावातील दुरुस्ती’ सापडली नाही. अर्जाची पोच मिळाली आहे. तिच्यावर शिक्का आहे, तारीख आहे, आणि किती दिवसांत या रकान्यात एक आडवी रेघ आहे.